फळाचं चित्र आणि कोपऱ्यातलं नाव

पिवळट पडलेला जुना कागद, मधोमध एक अख्खं फळ, त्याखाली त्याच फळाची उभी कापलेली फोड, देठाशी एखादं पान. असं जलरंगातलं चित्र छापलेली कार्डं आता सगळीकडे दिसतात. कुणी ती चौकटीत बसवून स्वयंपाकघरात लावतं, कुणी भेटवस्तूला बांधतं, कुणी लग्नपत्रिकेवर तशी चित्रं छापून घेतं. सफरचंद, नासपती, अंजीर, डाळिंब, आंबा. चित्रं देखणी आहेत. पण मूळ कागद पाहिला तर त्यावर बारीक अक्षरांत आणखी बरंच काही लिहिलेलं सापडतं: जातीचं नाव, फळ कुणाच्या बागेतून आलं, गाव कोणतं, तारीख, नमुन्याचा क्रमांक, चित्रकाराची सही. कार्ड छापताना हा मजकूर बहुधा कापून टाकतात, कारण शोभेला तो लागत नाही. मला ही काटछाट खटकते, कारण ते चित्र काढलं गेलं होतं तेच मुळी त्या मजकुरासाठी.

चित्राची आणि नावाची ही जोडी कशी जमली आणि कशी सुटली, हे पाहू लागलं की या कार्डाचं कूळ उलगडत जातं. त्या कुळाची एक शाखा पुण्याच्या बागांपर्यंत येते. आणि पुण्याच्या दक्षिणेला नसरापूरच्या बाजारात, भोर-वेल्ह्याच्या बांधांवर, अशी कितीतरी फळं आहेत ज्यांना नाव आहे पण चित्र नाही.

सुरुवात कलमापासून करावी लागते. सफरचंदाचं बी पेरलं तर येणारं झाड आईसारखं फळ देत नाही. आंब्याच्या कोयीचंही आपल्याकडे तसंच आहे. चांगलं फळ देणारं झाड जसंच्या तसं पुढे न्यायचं तर त्याची काडी दुसऱ्या रोपावर बांधावी लागते. म्हणजे ‘जात’ म्हणून जे आपण विकत घेतो ते एकाच मूळ झाडाचं हजारो खोडांवर चाललेलं आयुष्य असतं. आणि विकत घेताना आपल्या हातात काय येतं? एक काटकी. तिला फळ लागायला चार-पाच वर्षं. तोवर विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा.

हा विश्वास बसावा म्हणून चित्र आलं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातलं रोचेस्टर हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रोपवाटिकांचं मोठं केंद्र होतं. तिथं डेलॉन मार्कस ड्यूई नावाचा एक पुस्तकविक्रेता होता. रोपवाटिकांचे विक्रेते गावोगाव, शेतावर शेत पालथं घालत हिंडायचे, आणि शेतकऱ्याला दाखवायला त्यांच्याकडे काही नसायचं. ड्यूईने त्यांच्यासाठी फळांची रंगीत पानं तयार करून विकायला सुरुवात केली. १८५९ मध्ये रोपवाटिकांसाठीचं त्याचं रंगीत फळांचं पुस्तक बाजारात आलं. ही पानं छापण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी होती. कागदाचे कापलेले साचे एकावर एक ठेवायचे, प्रत्येक साच्यातून एकेक जलरंग भरायचा, आणि शेवटी कुंचल्याने देठ, शिरा, सावली यांची कलाकुसर हाताने करायची. पुढे दगडावरची रंगीत छपाई स्वस्त झाली तेव्हा तीही यात आली. विक्रेता आपल्याला हव्या त्या जातींची पानं निवडून घ्यायचा आणि ती खिशात मावेल अशा पुस्तकात बांधायचा. हिवाळ्याच्या दिवसांत कुठल्याशा शेतघरात त्या पुस्तकातलं लालभडक सफरचंद पाहून माणसं झाडं मागवायची.

आजच्या शोभेच्या कार्डाचा हा पहिला पूर्वज. आकार जवळपास तोच, विषय तोच, रंगही तेच. फरक एवढाच की त्याच्याखाली नाव असायचंच, कारण नावाशिवाय मागणी नोंदवणार कशी? अर्थात विक्रेत्याचं चित्र ते विक्रेत्याचंच. फळं खऱ्याहून मोठी, रंग खऱ्याहून गडद. शेतकऱ्यांच्या तक्रारी वाढत गेल्या. एकच जात चार गावांत चार नावांनी विकली जाई, आणि एकाच नावाखाली चार वेगळी झाडं. झाडाच्या नव्या जातीला कायद्याचं संरक्षण अमेरिकेत १९३० साली मिळालं. त्याआधी कुणी म्हटलं की ‘हे माझं फळ’, तर त्याला पुरावा काय?

१८८६ मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्यात फळांसाठी स्वतंत्र विभाग निघाला. हेन्री व्हॅन डेमन हे त्याचे पहिले प्रमुख. देशभरातून बागायतदार टपालाने फळं पाठवू लागले: हे ओळखा, हे नवीन आहे का सांगा. आलेलं फळ तर आठवड्यात सडणार. छायाचित्रं होती, पण काळी-पांढरी, आणि फळाची ओळख निम्मी रंगात असते. म्हणून १८८७ मध्ये विभागाने पगारी चित्रकार नेमला. तो होता विल्यम हेन्री प्रेस्टेल. त्याचे वडील जोसेफ प्रेस्टेल हे बव्हेरियातून अमेरिकेत आलेले, आयोवातल्या अमाना या धार्मिक वसाहतीत राहणारे शिलाछापाचे कारागीर. रोपवाटिकांसाठी फळाफुलांची पानं छापणं हाच त्यांचा उद्योग. बापाने विक्रीसाठी जे हाताला वळण लावलं तेच मुलाने सरकारी नोंदीसाठी वापरलं. या कुळातला हा दुवा मला फार मोलाचा वाटतो. हात तोच राहिला, पण काम बदललं. आता फळ आहे त्याहून सुंदर दाखवायचं नव्हतं. डाग असेल तर डाग, कीड असेल तर कीड, साठवणीत आतून काळं पडलं असेल तर तेही काढायचं होतं.

१८९२ मध्ये तिथं डेबोरा ग्रिस्कम पासमोर रुजू झाल्या. पेनसिल्व्हेनियाच्या क्वेकर घरातल्या, वयाची पन्नाशी ओलांडलेल्या. १९११ मध्ये त्या वारल्या तोवर त्यांनी दीड हजारांवर फळचित्रं काढली होती. हवी ती छटा उतरावी म्हणून त्या एका चित्रावर पातळ रंगाचे शंभरापर्यंत हात देत, असं त्यांच्याबद्दल सांगतात. त्यांच्या बरोबरीच्या अमांडा न्यूटन यांची चित्रं बाराशेच्या वर, मेरी डेझी आरनॉल्ड यांची हजाराच्या वर. १९४२ पर्यंत चाललेल्या या संग्रहात साडेसात हजार जलरंगचित्रं आहेत. वीसेक चित्रकारांनी ती काढली, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी या तिघींची आहेत. त्या काळात सरकारी कचेरीत बाईला अशी जागा मिळणं दुर्मीळ होतं. संग्रहाचा निम्मा भाग सफरचंदांचा आहे, आणि त्यांतल्या कितीतरी जाती आता बागेत कुठेच उरलेल्या नाहीत. कागदावर आहेत.

त्या संग्रहात आंबेही आहेत. इथून ही गोष्ट आपल्या अंगणात येते.

१८८९ मध्ये व्हॅन डेमन यांच्या विभागाने मुंबईहून आंब्याची सहा कलमं मागवली. बोटीने लांबचा प्रवास करून ती फ्लोरिडाला पोचली. तिथं लेक वर्थच्या काठी एल्ब्रिज गेल नावाचे निवृत्त प्राध्यापक राहत. कॅन्ससच्या शेतकी कॉलेजात त्यांनी फळबागशास्त्र शिकवलं होतं. त्यांच्या बागेतलं एकच झाड जगलं. १८९४-९५ च्या हिवाळ्यात फ्लोरिडात असा गारठा पडला की लिंबू-संत्र्यांच्या बागा बसल्या, पण गेल यांनी झाकून-पाकून राखलेलं ते आंब्याचं झाड तगलं. १८९८ मध्ये त्याला फळ आलं. अर्ध्या किलोच्या आसपास वजन, गालावर लाली, आत सोनेरी गर. कागदांवर त्याचं नाव होतं ‘मुलगोबा’. दक्षिण भारतातल्या मलगोवा आंब्याचं नाव लिहिताना-वाचताना असं झालं असावं. त्या फळाने फ्लोरिडाला वेड लावलं. कॅप्टन जॉन हेडन यांनी त्याच्या कोयी १९०२ मध्ये लावल्या. पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांच्या पत्नीने झाडं वाढवली, आणि १९१० मध्ये त्यांतल्या एकाला जे फळ लागलं त्याला ‘हेडन’ हे नाव मिळालं. आज युरोप-अमेरिकेच्या दुकानांत जो जाड सालीचा, लाल-जांभळ्या गालाचा टॉमी ॲटकिन्स आंबा विकला जातो तो याच घराण्यातला. जगातल्या आंब्याच्या व्यापाराचा मोठा हिस्सा त्या एका वाचलेल्या झाडाच्या वंशावर उभा आहे.

आणि ते झाड नेमकं कोणतं होतं, हे कुणालाही सांगता आलेलं नाही. फ्लोरिडात लागलेलं फळ मलगोव्याच्या वर्णनाशी जुळत नव्हतं. एक तर्क असा की गारठ्यात वरची कलमाची काडी मेली आणि खालच्या रायवळ रोपानेच पुढे फांदी धरली. तसं असेल तर जगभर पसरलेलं ते घराणं मुंबई इलाख्यातल्या कुठल्यातरी बिननावाच्या कोयीचं ठरतं. वॉशिंग्टनच्या चित्रकारांनी मुलगोबा रंगवला, खाली नाव लिहिलं, तारीख लिहिली. त्यांच्या बाजूची नोंद चोख होती. पाठवणाऱ्याच्या टोकाला मात्र त्या आईझाडाचं फळ, त्याची कापलेली फोड आणि गावाचं नाव असा एक कागद जपलेला असता, तर दोन चित्रं शेजारी ठेवून हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला असता.

असा कागद निघू शकला असता का? पुण्यात ते कौशल्य नक्कीच होतं. १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी पुण्याजवळ दापुरीला कॅप्टन फोर्ड यांचा बंगला घेतला आणि तिथं वनस्पतींची सरकारी बाग सुरू झाली. एसटीच्या कार्यशाळेमुळे आपल्याला माहीत असलेलं दापोडी ते हेच. १८३८ मध्ये त्या बागेची जबाबदारी डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आली. स्कॉटलंडचा हा सर्जन आधी दख्खन-खानदेशात देवी टोचत घोड्यावरून हिंडलेला, त्यामुळे माणसं, बोली आणि रानं त्याच्या परिचयाची. जुन्नरकडच्या हिवऱ्याच्या बागेत त्याने औषधी वनस्पती वाढवल्या आणि इस्पितळांना पुरवल्या. दापुरीहून फळझाडांची आणि इतर रोपं वाटली. सह्याद्रीतली जंगलतोड पाहून तो सरकारला पत्रांवर पत्रं लिहीत राहिला, आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याच सुमारास, १८४७ ते १८५० या काळात, त्याने एका भारतीय चित्रकाराकडून बागेतल्या वनस्पतींची चित्रं काढून घेतली. सुमारे एकशे सत्तर चित्रं. पानांची शीर न् शीर, फुलाचे अलग केलेले भाग, कापलेलं फळ, सगळं जलरंगात. ती चित्रं आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला तेव्हा कुठे ती जगासमोर आली. चित्रांतल्या झाडांची नावं कळतात. चित्रकाराचं नाव कळत नाही. दापुरीच्या उन्हात तीन वर्षं कागदावर वाकून बसलेला तो माणूस आपल्या चित्रांत आहे आणि नोंदीत नाही, ही गोष्ट मनाला लागते.

दापुरीची बाग १८६०च्या दशकात मोडली आणि गव्हर्नरांचं बिऱ्हाड गणेशखिंडीत गेलं. तिथं १८७३ मध्ये नवी वनस्पती-बाग सुरू झाली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक जॉर्ज मार्शल वुडरो यांनी गणेशखिंडीत आंब्याच्या जाती गोळा केल्या, बागकामावर पुस्तक लिहिलं, आणि १९०४ मध्ये खास आंब्याच्या लागवडीवर आणि जातींवर एक छोटं पुस्तक काढलं. पुढे १९२०च्या सुमारास डब्ल्यू. बर्न्स आणि एस. एच. प्रयाग यांचा आंब्यावरचा ग्रंथ मुंबई सरकारच्या शेतकी खात्याने छापला. याच गणेशखिंडीत चीमा नावाच्या फळशास्त्रज्ञांनी पेरूची निवड करून जी जात काढली ती आज ‘सरदार’ म्हणून महाराष्ट्रभर खाल्ली जाते. आणि १९५७ मध्ये दिल्लीच्या कृषी अनुसंधान परिषदेने देशातल्या २१० आंब्यांचं रंगीत चित्रांसह मोठं पुस्तक काढलं. म्हणजे आपल्याकडे काम झालं, चांगलं झालं. पण ते नाव मिळालेल्या, कलम झालेल्या, बाजारात चालणाऱ्या जातींचं झालं.

याच्याही मागे जायचं तर युरोपात या चित्रांचं मूळ राजघराण्यांच्या हौसेत सापडतं. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यासाठी बार्तोलोमेओ बिम्बी याने सतराव्या-अठराव्या शतकांच्या सांध्यावर एकेका भल्यामोठ्या चित्रात डझनावारी नासपत्या मांडल्या, प्रत्येकीला आकडा दिला आणि खाली कोरीव पाटीवर प्रत्येकीचं नाव लिहिलं. लंडनच्या उद्यान संस्थेसाठी विल्यम हूकर याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत फळं रंगवली. पानांसाठी त्याने निळा आणि पिवळा मिसळून जो हिरवा तयार केला तो आजही जलरंगांच्या पेटीत त्याच्या नावाने मिळतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेल्या कितीतरी मराठी मुलांनी ‘हूकर्स ग्रीन’ वापरून पान रंगवलं असेल, आणि तो हूकर फळांचा चित्रकार होता हे त्यांना कुणी सांगितलं नसेल. इंग्लंडच्या हेरफर्डशायर परगण्यात तर १८७६ ते १८८५ या काळात गावकरी अभ्यासकांच्या क्लबाने स्थानिक सफरचंदं आणि नासपत्या शोधून काढल्या, आणि ॲलिस एलिस आणि एडिथ बुल या दोघींनी त्या रंगवल्या. ४३२ जाती. राजाचा पैसा नाही, सरकारी खातं नाही. परगण्यातल्या लोकांनी आपल्याच परगण्यातली फळं कागदावर आणली.

आपल्या बाजूला केरळात डच गव्हर्नर व्हान रेडे याने करवलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये बारा खंडांत छापला गेला. आंबा-फणस त्यात आहेत. या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य होते, आणि ‘आम्ही हे सांगितलं, ते खरं आहे’ अशा अर्थाची त्यांची साक्ष पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेली आहे. सांगणाऱ्यांची नावं सहीसह छापण्याचा तो प्रघात पुढच्या दोन शतकांत टिकायला हवा होता.

महाराष्ट्रात शोभेचं फळ म्हणून जे परंपरेने तयार झालं ते कागदावर नव्हतं, लाकडावर होतं. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकूड कातून, लाखेचे रंग चढवून केलेली केळी, आंबे, सीताफळं पिढ्यान्‌पिढ्या विकली गेली. गंजिफाचे गोल पत्ते रंगवणारे हातही त्याच गावातले. १८७८ मध्ये निघालेल्या पुण्याच्या चित्रशाळेने आणि नंतर रविवर्मा छापखान्याने रंगीत छपाई घराघरात नेली, पण तिथं देवदेवता आणि पुराणकथा होत्या. फळ आलं ते देवापुढच्या ताटात.

अमेरिकेतला संग्रह रंगीत छायाचित्रं रुळल्यावर बंद पडला आणि मेरीलँडमधल्या राष्ट्रीय कृषी ग्रंथालयात कपाटबंद राहिला. २०११ च्या सुमारास तो संगणकावर आला, पण मोठ्या आकारातल्या प्रतीसाठी पैसे भरावे लागत. पार्कर हिगिन्स नावाच्या कार्यकर्त्याने माहितीच्या अधिकारात विचारलं तेव्हा कळलं की पहिल्या काही वर्षांत त्यातून ६०० डॉलरही जमले नव्हते. २०१५ मध्ये चित्रं सर्वांना खुली झाली. त्यानंतर कार्डं, वह्या, टॉवेल, भिंतीचे कागद, सगळीकडे ती उमटली. इतकी वर्षं अंधारात पडलेलं काम लोकांच्या हातात आलं याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त छापणाऱ्यांनी खालची ओळ ठेवायला हवी होती.

आता नसरापूर. पुणे–सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला वळलं की शिवगंगेच्या काठी हे गाव. जवळच बनेश्वर, आणि पुढे राजगड-तोरण्याचा रस्ता. वैशाख-ज्येष्ठात इथल्या बाजारात रानातून आणि बांधावरून उतरलेलं फळ येतं: करवंदं, जांभळं, तोरणं, अळू, फणस आणि पाट्या भरभरून रायवळ आंबे. याच खोऱ्यात वरच्या अंगाला शिवापूर. तिथल्या बागेतला एक आंबा परवानगीवाचून तोडला गेला म्हणून दादोजी कोंडदेवांनी स्वतःला शिक्षा करून घेतली, ही बखरींनी सांगितलेली गोष्ट शाळेत आपण सगळे ऐकतो. गोष्टीत आंबा आहे, पण त्याचं नाव नाही, चव नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासाठीसुद्धा रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये असं बजावलं आहे, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. इतकी जाण असलेल्या मुलखात एकेका झाडाची ओळख मात्र तोंडीच राहिली.

ती ओळख किती नेमकी असते हे रायवळ खाणाऱ्याला विचारावं. खोबऱ्या म्हणजे कच्चा असतानाच खोबऱ्यासारखा लागणारा. शेप्याला शेपूचा वास. साखऱ्या गोड, शेंदऱ्याला शेंदरी गाल, गोटी लहान आणि गोल. कुठला लोणच्याला घ्यायचा, कुठला आढीत घालायचा, कुठल्याचा रस पातळ निघतो म्हणून तो चोखूनच खायचा, हे घरातल्या म्हाताऱ्या बाईला पक्कं माहीत. पण खोबऱ्या ही कलमी अर्थाने जात नाही. या गावचा खोबऱ्या आणि पलीकडच्या वाडीचा खोबऱ्या ही दोन वेगळ्या कोयींची दोन झाडं. प्रत्येक रायवळ झाड एकटं असतं. हापूसचं एक झाड पडलं तर हापूस संपत नाही. रायवळाचं एक झाड पडलं की त्या चवीचं फळ जगातून जातं, कारण त्याचं कलम कुणी केलेलं नसतं.

आणि झाडं पडत आहेत. पुण्याच्या इतक्या जवळ असल्याने भोर-वेल्ह्यात जमिनीचे तुकडे पडले, बांध मोडले, रस्ते रुंद झाले. आंब्याचं लाकूड खोक्यांना आणि फळ्यांना जातं. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांची पाहणी केली तेव्हा पुणे जिल्ह्याच्या या पश्चिम पट्ट्यातल्या देवराया नकाशावर आल्या. देवाच्या नावाने राखलेल्या रानात जुने आंबे तगले. बांधावरच्या आंब्याला असा राखणदार नाही. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या जातीची नोंदणी करण्याचा हक्क दिला आहे, पण त्यासाठी आधी त्या झाडाचं फळ कसं आहे याचं वर्णन आणि छायाचित्र लागतं. म्हणजे रोचेस्टरच्या विक्रेत्यापासून चालत आलेली तीच जोडी, चित्र आणि नाव.

म्हणून मला वाटतं, भोर-वेल्ह्याच्या रायवळाची कार्डं निघायला हवीत. खरीखुरी, विकायला ठेवण्याजोगी देखणी, आणि खाली पूर्ण मजकूर असलेली. छायाचित्र घ्यावंच, पण रंगवणाऱ्याला फळ तासभर बघावं लागतं, आणि त्या तासात जे दिसतं ते बोटाच्या एका दाबात दिसत नाही. हेरफर्डशायरच्या क्लबाने जे केलं ते इथल्या एखाद्या हायस्कुलाच्या चित्रकलेच्या शिक्षकांना करता येईल. वस्तुचित्राचा सराव मुलांना आहेच. फळ देठ आणि थोड्या काडीसकट उतरवायचं. पाडाला आलेला आंबा आढीबाहेरही रंग बदलतो, म्हणून अख्ख्या फळाचं चित्र त्याच दिवशी पुरं करायचं. खांदा कुठल्या बाजूला उंच, चोच आहे का, सालीवरचे ठिपके दाट की विरळ, हे खऱ्या आकारात काढायचं. मग पिकल्यावर उभी फोड: गराचा रंग, रेषा, कोयीची जाडी. खाली गाव, वाडी, बांध कुणाचा, झाडाला घरचे काय म्हणतात, खोडाचा घेर किती, फळ कधी उतरतं, आढीत किती दिवस लागतात, काय करून खातात. रायवळ बहुधा एका वर्षाआड भरून येतो, तेव्हा एका उन्हाळ्यात सगळी झाडं मिळणार नाहीत. दोन हंगाम धरावे लागतील.

चित्र झालं की आंबा खावा आणि कोय ओल्या मातीत टाकावी. मृगाच्या पावसावर ती दोन-तीन आठवड्यांत रुजून तांबूस कोंब काढते. कोयकलमाला असाच कोवळा कोंब लागतो, आणि तो कुठल्याही रायवळाचा चालतो. ज्या झाडाचं चित्र काढलं त्याच झाडाची तयार काडी आषाढात आणून त्या कोंबावर बांधायची.